सगळ्यात म्हाताऱ्या कानासाठी

चि. निखिल आणि चि. इरा,

परवा फोनवर निखिलने विचारलं, "आजी, आमची कंपनी आता टीव्ही काढणार आहे. वस्तू अव्वल आहे, पण दुकानातल्या इतर टीव्हींपेक्षा कितीतरी महाग. लोक घेतील का गं?" मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं?" आणि फोन ठेवला. खरं म्हणजे मला त्यातलं थोडं कळतं. ते फोनवर सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. इरा, तू हे निखिलला मोठ्याने वाचून दाखव. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्यांना कुठलीही गोष्ट ऐकूनच पटायची.

त्यांचं नाव दस्तगीरभाई. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर सात-आठ वर्षांनी तुमच्या आजोबांची बदली कळंबच्या सरकारी दवाखान्यात झाली आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आमच्या घरासमोर, धान्याच्या अडतीला लागून, दस्तगीरभाईंचा रेडिओचा कारखाना होता. कारखाना हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली होती. एका टोकाला रंधा, करवती आणि सागवानी फळ्या, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह, तारा आणि त्या सांधायला डाग देण्याची सळई, आणि मध्ये रिकामी जागा. त्या जागेत एकच खुर्ची. तिच्यावर बसून ते ऐकत.

निजामाच्या काळात ते हैदराबादला रेडिओच्या एका कारखान्यात कारागीर होते. राज्य गेलं, कारखाना बंद पडला, आणि ते बायकोच्या गावी, म्हणजे कळंबला, येऊन राहिले. हैदराबादची आठवण म्हणून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या, एक पांढरी शेरवानी आणि डावा कान. "उजवा कान बाजारासाठी, बाई," ते म्हणत. "डावा कामासाठी." खरोखरच ते कुणाशी बोलताना उजवी बाजू पुढे करत आणि रेडिओ लावला की मान वळवून डावा कान पुढे आणत. तेव्हा डोळे मिटलेले. पान, सुपारी काही खात नसत, कारण चघळण्याचा आवाज आपल्याच कानात घुमतो. शेजारी अडतीत हमालांचा आरडाओरडा, बैलगाड्यांचा खडखडाट, आणि हे मधोमध डोळे मिटून बसलेले. गावातली माणसं हसायची. "दस्तगीरभाई नमाजाला बसले," म्हणायची. ते डोळे न उघडता उत्तर द्यायचे, "नमाजात खुर्ची नसते रे बाबा."

एक रेडिओ करायला त्यांना महिना, कधी दोन महिने लागत. पेटी स्वतः करायची, आतलं काम स्वतः करायचं, स्पीकरवरचं कापड त्यांच्या बायको हुसेनाबी ताणून बसवायच्या. आणि रेडिओ तयार झाला की तो नेऊन देण्याची त्यांची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

आम्ही त्यांच्याकडून रेडिओ घेतला तेव्हाचं सांगते. सकाळी ते शेरवानी घालून आले. पेटी ठेवली, तार बांधली, आणि बॅटरी जोडण्याआधी विचारलं, "घरात सगळ्यात म्हातारं कोण?"

माझ्या सासूबाई आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं. आजोबा म्हणाले, "आईला काय करायचंय रेडिओ? तिला ढोल वाजला तरी कळत नाही."

"म्हणून तर," दस्तगीरभाई म्हणाले. "माँसाहेबांना बाहेर आणा."

सासूबाई आल्या, पदर सावरून लांब बसल्या. दस्तगीरभाईंनी रेडिओ लावला. बातम्या चालल्या होत्या. "येतंय का?" सासूबाईंनी मान हलवली, नाही. दस्तगीरभाईंनी मागची फळी काढली, काही बदललं, पुन्हा लावलं. पुन्हा नाही. असं दुपारपर्यंत चाललं. जेवायला बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आवाज मोठा करत नव्हते, हे मला नंतर कळलं. ते आवाजाचा कुठला तरी भाग पुढे आणत होते, कुठला मागे सारत होते. तीनच्या सुमाराला सासूबाई एकदम म्हणाल्या, "हा मेला बातम्या सांगताना मधेच खोकला की!"

दस्तगीरभाईंनी डोळे उघडले. इतकं समाधान मी फार थोड्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. मग त्यांनी फळीच्या आतल्या बाजूला उर्दूत सासूबाईंचं नाव लिहिलं आणि फळी बसवली. त्यांच्या प्रत्येक रेडिओच्या पोटात असं एक नाव असायचं. बाहेर मात्र कुठलंच नाव नसे, त्यांचंही नाही. "सगळ्यात म्हाताऱ्या कानाला जे साफ येतं, ते सगळ्या घराला येतं," एवढंच ते म्हणाले आणि मगच जेवले.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नकाशे, आकृत्या ते वाचायचे, मजकूर नाही. हैदराबादचा एक मित्र त्यांना इंग्रजी मासिकांचे जुने अंक पाठवायचा. मग दर रविवारी सकाळी ते अंक घेऊन आमच्या ओसरीवर येत आणि मी वाचून, अर्थ सांगे. मला त्यातलं यंत्रशास्त्र कळत नसे. पण मी चुकीच्या ठिकाणी थांबले की त्यांना कळे. "बाई, इथं वाक्य संपत न्हाई. पुढं हाय काहीतरी." पुढच्या पानावर खरंच असायचं.

एका रविवारी त्या अंकात टेलिव्हिजनवर लेख होता. दिल्लीत तो थोडासा सुरू झाल्याचं पेपरात आलं होतं, कळंबात कुणी पाहिला असण्याचा प्रश्नच नव्हता. लेख लांब होता, काच कशी, चित्र कसं उमटतं, सगळं. वाचून झाल्यावर दस्तगीरभाईंनी अंक हातात घेऊन आकृत्या पाहिल्या. मग म्हणाले, "आवाजाचं काय लिवलंय?"

मी पानं उलटून पाहिली. "आवाजाचं काही नाही."

"एवढ्या लेखात एक ओळ न्हाई?"

"नाही."

ते हसले. "मग जागा हाय आपल्याला. चित्र ते करतील, आवाज आपण."

त्या दिवसापासून ते बदलले. त्यांचं म्हणणं असं, की आवाजातली खोट दहांतल्या दोघांना कळते, पण चित्रातली खोट आंधळ्याशिवाय सगळ्यांना दिसेल. म्हणजे टेलिव्हिजन घेताना लोक हलकी वस्तू घेणार नाहीत. म्हणजे चांगलं काम करणाऱ्याचे दिवस येणार. लेखातल्या मापांवरून त्यांनी सागवानाची एक मोठी पेटी करायला घेतली. समोर काचेसाठी चौकोनी जागा कापलेली, खाली दोन मोठे स्पीकर. ती पेटी म्हणजे त्यांच्या हातचं सगळ्यात सुंदर काम होतं. कोपऱ्यांना सांधा दिसत नव्हता. आत यायचं होतं ते मात्र कुठेच नव्हतं.

हुसेनाबी मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही असलं काय काय वाचून दावू नका त्यांना. पाळणा केला, पोराचा पत्ता न्हाई." त्या बोलायला फटकळ होत्या, पण पेटीवर धूळ बसू देत नव्हत्या.

पुढच्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं. कंपनी ट्रान्झिस्टर काढत होती, हातात मावणारे, स्वस्त, प्लॅस्टिकचे. कळंब तालुक्याची एजन्सी दस्तगीरभाईंना देऊ करत होती. सोबत एक नमुनाही पाठवला होता. त्यांनी तो खुर्चीवर बसून ऐकला. डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"डब्यात माशी," ते म्हणाले.

हुसेनाबी दारातच उभ्या होत्या. "माशी का असंना, विकली तर जाईल. तुमचा हत्ती कुणाच्या दारात मावतो?"

"लोकांना एकदा साफ आवाज कळला की ते माशीकडं परत जात न्हाईत."

"लोकांना भाकर पण लागते."

ते माझ्याकडे वळले. "बाई, लिवा. नको म्हणावं. आवाज बरा न्हाई. अन् खाली लिवा, तुम्ही टेलिव्हिजन काढाल तेव्हा मला कळवा, मी वाट बघतो."

मी घरी येऊन पत्र लिहिलं. मुलांनो, त्या वेळी मी पंचविशीत होते आणि मला माझ्या इंग्रजीचा फार अभिमान होता. 'आवाज बरा नाही' हे मला अगदीच साधं वाटलं. मी लिहिलं, 'जो आवाज मी माझ्या घरात येऊ देणार नाही, तो माझ्या नावाने दुसऱ्याच्या घरी पाठवणं मला शक्य नाही.' इंग्रजीत ते वाक्य आणखी देखणं झालं होतं. आणि शेवटची विनंती मी गाळली. नकाराच्या पत्राचा शेवट मागण्याने करू नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. पत्राचा तोल गेला असता. आजोबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हे त्यांचं आहे की तुझं?" मला राग आला. मी दुसऱ्या दिवशी ते टपालात टाकलं. दस्तगीरभाईंना वाचून दाखवलं नाही. त्यांना इंग्रजी कुठे कळत होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

एजन्सी भुजंगराव सायकलवाल्यांना मिळाली. सायकलींच्या टायरांशेजारी ट्रान्झिस्टर टांगलेले दिसू लागले.

त्याच सुमाराला दस्तगीरभाईंना एक मोठं काम मिळालं होतं. येरमाळ्याच्या बाजूच्या एका खेड्याने वर्गणी काढून गावासाठी रेडिओ घेतला होता. साऱ्या गावात सगळ्यात म्हातारं कोण, तर सखूआजी म्हणून एक होत्या, दिसत कमी, ऐकू कमी. दस्तगीरभाईंनी दोन दिवस त्या गावात मुक्काम करून सखूआजींच्या कानाला तो रेडिओ लावून दिला होता. त्या रेडिओबद्दल ते नेहमी बोलत. "अख्खं गाव हाय त्याच्या पोटात," म्हणत.

वर्षभराने आजोबांना त्या भागात देवीच्या लसी टोचायला जायचं होतं. मी सुटीवर होते, मीही निघाले. जीपमध्ये जागा होती म्हणून दस्तगीरभाई आले, शेरवानी घालून. रेडिओ बघतो, बॅटरी तपासतो, म्हणाले.

चावडीपुढच्या लिंबाखाली वीस-पंचवीस माणसं बसलेली होती. फांदीला एक ट्रान्झिस्टर टांगलेला. खरखर, मधूनच भजनाची ओळ, पुन्हा खरखर. सगळ्यात पुढे सखूआजी, कानाला हात लावून. दस्तगीरभाई उतरले आणि तिथेच थांबले.

सरपंच धावत आले. "या, या दस्तगीरभाई! रेडिओ बघाया आलाव व्हय? चला, दावतो." मोठ्या कौतुकाने ते आम्हाला चावडीत घेऊन गेले. भिंतीतल्या कपाटाला कुलूप होतं. ते उघडलं. आत रेडिओ होता. त्यावर भरतकाम केलेलं झाकण. झाकण उचललं तर पेटीला हळदकुंकवाची बोटं, आणि वाळलेली झेंडूची माळ.

"दसऱ्याला पूजा करतो," सरपंच म्हणाले. "एक ओरखडा न्हाय बघा. पोरांना हात लावू देत न्हाय."

"लावता कधी?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"लावाया? लई भारी वस्तू हाय की ती! बिघडली तर गावाला काय तोंड दावू? ऐकाया त्यो बारका हाय की. भुजंगरावाकडनं आणलाय. पडला तरी काय वाटत न्हाय."

दस्तगीरभाईंनी पेटीवरून हात फिरवला. कुंकू बोटाला लागलं. ते बाहेर आले आणि सखूआजींपाशी उकिडवे बसले. उजवी बाजू पुढे करून त्यांनी मोठ्याने विचारलं, "आजी, ह्याचं येतं का ऐकू?"

"लांबून येतंय बाबा," सखूआजी म्हणाल्या. "मुंगी बोलल्यावानी. पण येतंय तर."

"अन् माझा?"

"तुमचा?" त्यांना ओळख पटायला थोडा वेळ लागला. "तुमचा लई ग्वाड व्हता. येकदा ऐकला म्या. मग त्यो देवात ठेवला."

परतताना जीपमध्ये आजोबांनी काही विषय काढून पाहिले. दस्तगीरभाई हो-ना करत राहिले. कळंब जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी ऐकायची वस्तू केली होती."

हुसेनाबींना हे मी सांगितलं. मला वाटलं, टोमणा येईल. आला, पण त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "जावई केला हो लोकांनी त्या रेडिओला. बसवून ठेवला, काम सांगितलं न्हाई."

त्यानंतर नवे रेडिओ झाले ते बोटांवर मोजण्याइतके. मग तेही थांबले. फळ्या तशाच उभ्या राहिल्या. रविवारी ते यायचे, पण अंक हातात नसायचा. एकदा म्हणाले, "बाई, त्या कंपनीनं टेलिव्हिजनचं काही कळवलं न्हाई." मी चहा ओतत होते. म्हटलं, "अजून निघाला नसेल." ते तीन वेळा असं म्हणाले असतील. तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं.

शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "लिवा, बाई. एजन्सी द्या म्हणावं. ट्रान्झिस्टर तर ट्रान्झिस्टर. टेलिव्हिजन येईपर्यंत दुकान उघडं राहिलं पाहिजे." या वेळी मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. वाचूनही दाखवले.

उत्तर पंधरा दिवसांत आलं. ते नेहमीप्रमाणे ओसरीवर बसले, डोळे मिटले, डावा कान माझ्याकडे केला. तो कामाचा कान. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले. एजन्सी दुसऱ्याला दिलेली आहे, एका तालुक्यात दोन देत नाही. पुढे कधी टेलिव्हिजन त्या भागात आला तर त्याची विक्रीही ट्रान्झिस्टरच्या एजंटांनाच मिळेल. आणि त्याखाली माझं ते देखणं वाक्य होतं. अवतरणचिन्हांत, अक्षर न् अक्षर. पुढे कंपनीने लिहिलं होतं, आपण पूर्वी आम्हाला असं कळवलं होतं, म्हणून आम्ही आपल्याला पुन्हा त्रास दिला नाही.

मी ती ओळ सोडली आणि 'आपला विश्वासू' वाचलं.

दस्तगीरभाई डोळे मिटूनच बसले होते. "मधी एक ओळ सुटली," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"सुटली, बाई. तुमचा श्वास थांबला तिथं."

 मी कागद उलटसुलट केला, आणि तेही त्यांना ऐकू येत असणार. त्यांनी डोळे उघडले. "राहू द्या," म्हणाले. "जे तुम्हाला वाचवलं न्हाई, ते मला ऐकवणार न्हाई." पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली, न वाचता येणारं पत्र, आणि रस्ता ओलांडून गेले.

ते वाक्य माझं होतं, त्यांचं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. रोज समोर राहून दोन वर्षं होती माझ्याकडे. तुमच्या आजोबांनाही मी हे सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग आमची बदली सोलापूरला झाली. निघायच्या दिवशी मी हुसेनाबींना भेटायला गेले. कारखान्याची खोली आता एका अडत्याला भाड्याने दिली होती, पोत्यांनी भरलेली. टेलिव्हिजनची पेटी घरात आणून ठेवली होती. चौकोनी मोकळ्या जागेवर हुसेनाबींनी हाताने विणलेला पांढरा पडदा लावला होता. माझी नजर गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "धूळ जाते आत." मी विचारलं, "दस्तगीरभाई कुठं आहेत?" त्या म्हणाल्या, "कामावर."

ते मला एसटी स्टँडवर दिसले. भुजंगरावांच्या दुकानाची एक टपरी स्टँडसमोर होती, तिथे दुरुस्तीला बसत होते. अंगात साधा सदरा. पुढ्यात प्लॅस्टिकचे डबे, लाल, निळे. आमची गाडी लागली होती, सामान टपावर चढलं होतं, आजोबा हाक मारत होते. मी खिडकीशी बसले आणि पाहत राहिले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

एक शेतकरी आपला ट्रान्झिस्टर घ्यायला आला होता. दस्तगीरभाईंनी तो लावला, डोळे मिटले, मान वळवून डाव्या कानाशी धरला. भोवती गाड्यांचे भोंगे, कंडक्टरांच्या आरोळ्या. बराच वेळ ते तसेच होते. शेतकरी चुळबुळत होता. "झाला न्हवं? द्या की, गाडी जाईल माजी."

दस्तगीरभाईंनी डोळे उघडले. डबा परत दिला नाही. स्क्रू-ड्रायव्हर उचलता उचलता विचारलं, "घरात सगळ्यात म्हातारं कोण?"

शेतकऱ्याने काहीतरी उत्तर दिलं. आमची गाडी तेवढ्यात सुरू झाली, आणि ते मला ऐकू आलं नाही.

तुमची,
आजी